‘आधी राहतं घर’वर आलेल्या कमेंटला उत्तर

पहिलं घर स्वतः राहायलाच घ्यावं, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा लागली, ‘स्वतःच्या घराचं खूळ तरुणांच्या डोक्यात भरवताय’ असं कुणी तोंडावर म्हटलं की लागणारच. तुमचं म्हणणं असं की पहिला फ्लॅट भाड्याने द्यायलाच घ्यावा, भाड्यातून हप्ता सुटतो, आपण कुठेतरी स्वस्तात भाड्याने राहायचं आणि पाच वर्षांनी तो विकून स्वतःचं घर घ्यायचं.

एक आधीच मान्य करतो. ज्याची नोकरी दर दोन वर्षांनी शहर बदलते त्याला मी सरसकट ‘आधी राहतं घर’ म्हणायला नको होतं, कारण खरेदी-विक्रीचा खर्चच तेवढ्यात निघत नाही. ते चुकलंच माझं.

पण पाच वर्षांचं गणित करून बघा की. 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांचं कर्ज धरा, पहिल्या हप्त्यातल्या 100 रुपयांतले साधारण 82 नुसतं व्याज असतं, आणि पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तरी मुद्दल फिटतं जेमतेम 12 टक्के. म्हणजे सगळी भिस्त भाव वाढण्यावर. 20 टक्के डाऊन पेमेंटवर भाव 10 टक्के चढला की आपले पैसे दीडपट, हे तुम्ही लिहिलंत (व्याज वजा न करता, असो), पण 10 टक्के उतरला तर निम्मं डाऊन पेमेंट बुडालं हे कोण लिहिणार? राहत्या घराचा भाव उतरला तरी आपण त्यात राहतच असतो हो, विकायची घाई नसते.

आणि मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये, तुमचाच प्लॅन मी करून बसलोय. भाडेकरू गेला, फ्लॅट तीन महिने रिकामा, हप्ता चालू आणि मी राहत होतो तिथलं भाडंही चालू. त्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावून मोबाइलच्या टॉर्चने त्यांच्या बाथरूमचं छत दाखवलं, हा एवढा ओला डाग आणि मधोमध लोंबणारा थेंब, आता पडेल मग पडेल असा. तो पाइप माझा, खर्च माझा. शेवटी नवा भाडेकरू मिळाला, वर्षाचा करार झाला, आणि आठवड्याभरात आमच्या मालकाने सांगितलं की घर रिकामं करा, मुलाला हवंय. स्वतःच्या नावावर फ्लॅट असून मी भर पावसात घरं बघत फिरत होतो 😅

तरी तुमचा मार्ग बाद आहे असं नाही म्हणत. स्वतःचं भाडं देऊन, वर सहा महिने एक पैसा भाडं न येता पूर्ण हप्ता भरता येत असेल, तर खुशाल घ्या. पहिली नोकरी, एकच पगार आणि सगळी बचत डाऊन पेमेंटमध्ये, अशा पोराला कसं झेपणार ते?

तुमचं गणित परत टाका ना, 12ऐवजी 10 महिन्यांचं भाडं, दुरुस्ती, टॅक्स आणि स्वतःचं भाडं धरून. तरीही जमत असेल तर वर पोस्टमध्येच जोडतो.