‘साधं इंजेक्शन देऊन भागलं असतं’ : कासवाच्या ऑपरेशनवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘इंजेक्शननं मोकळं झालं असतं ते कासव पैशांसाठी फाडलंत’, ही तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला. मग स्वतःचा लेख पुन्हा वाचला. ऑपरेशनचं रसभरीत वर्णन, आणि त्याआधीचा आठवडा मी एका ओळीत उरकलाय. चूक माझी.

ते कासव म्हणजे रेड इअर स्लायडर या पाण्यातल्या पाळीव जातीची मादी. घरात नर नाही, तरी अंडी धरली. कोंबडी धरते तशीच. टाकीत पाणी आणि एक दगड. हिला मागच्या पायांनी खड्डा खणायला ओलसर माती लागते, ती मिळेना, म्हणून अंडी पोटातच राहिली. एक्स-रेत अंडी दिसली की लगेच चाकू उचलायचा नसतो. धडधाकट मादी ती घेऊन काही आठवडे मजेत पोहते. पण ही खात नव्हती, पाय ओढत होती. आधी ऊब, सलाइन, कॅल्शियम, टबभर माती. मग ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं, तुमचं तेच इंजेक्शन. सरडे-सापांपेक्षा कासवांना ते छान लागू पडतं. चार अंडी आलीही.

दोन राहिली. एक कमरेच्या हाडांमधून मावणार नाही एवढं मोठं, दुसरं आतच फुटलेलं. अशा वेळी आणखी डोस दिला तर अंडनलिका फाटू शकते. कधी अंडं चुकून मूत्राशयात जाऊन बसतं, मग तर आणखीच पंचाईत.

आणि ‘फाडलं’ म्हणाल तर पोटाकडचं कवच कापलंच नाही. ते कापलं की भरून यायला महिनोन्‌महिने जातात. मागच्या पायापुढच्या मऊ कातडीतून आत शिरलो. खरा घाम भुलीनं काढला. कासव श्वास रोखून धरतं, त्यामुळे मास्कचा उपयोग नाही. नळी घालून एकजण फुगा दाबत बसला होता.

बीजांडकोशही काढले, ते का? नलिका सडायला लागली होती, ती काढावीच लागली. नलिका काढून कोश ठेवले, तर पुढच्या हंगामात बलक थेट पोटात पडतो.

तुमचीही मादी रात्रभर काच खरवडते, असं लिहिलंय. तिला आजच टबात वीतभर खोल ओलसर वाळू-माती द्या. खाणं सोडलं तर मात्र इंजेक्शनआधी एक्स-रे काढा.