शेजारी पोलीस राहत असेल तर त्याचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा

तुमच्या सोसायटीत पोलीस राहायला आलाय? अभिनंदन! चोरांची चिंता मिटली, गाडीच्या कागदपत्रांची मिटली आणि मुख्य म्हणजे हेल्मेटची मिटली. फक्त ही सोय वापरायची कशी, हे बऱ्याच जणांना कळत नाही. मी हवालदाराची बायको. म्हणून हे अनुभवाचे चार शब्द.

अडचण आली तर 112 वगैरे लावत बसू नका, सरळ आमची बेल वाजवा. वरच्या मजल्यावर स्पीकर मोठ्याने लागलाय, पार्किंगमध्ये कोणी आडवी गाडी लावलीय, मुलीचं पासपोर्टचं व्हेरिफिकेशन रखडलंय, बेल आहेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 28 : पोलीस कायम ड्यूटीवरच आहे असं मानायचं. त्यात झोप, आंघोळ, जेवण यांना सूट दिलेली नाही. मग तुम्ही तरी का द्यावी?

दुपारी तो घरी दिसला की "काय साहेब, आज सुट्टी? मजा आहे बुवा तुमची!" असं आवर्जून म्हणा. नाईट करून आलेल्या माणसाला ऐकून फार बरं वाटतं.

पोटावर विनोद कराच. बंदोबस्तात जेवणाचं पॅकेट किती वाजता येतं आणि त्यात काय असतं, हे मात्र विचारू नका. विनोदातली गंमत जाते.

पगारवाढ, आठ तासांची ड्यूटी असले विषय त्याने काढले तर "मग संप करा की!" असा सल्ला द्या. पोलिसांना युनियन करता येत नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांनी आवाज उठवून पाहिला, तेव्हा संघटनेची मान्यता गेली आणि कित्येकांच्या नोकऱ्याही गेल्या. त्यामुळे शिक्षकांचा मोर्चा असो की कांदा उत्पादकांचा, हा कलेक्टर कचेरीसमोर उन्हात उभा राहून दुसऱ्यांच्या मागण्या ऐकत असतो.

आता मुख्य विषय, चलन. आमच्या नाशकात द्वारका चौकात विनाहेल्मेट सापडलात तर आधी ओळख काढायची. शिपायाच्या हातात आपला फोन कोंबायचा, "घ्या, बोला, आमचे साहेब आहेत लाइनवर." साहेब उचलत नसतील तर साहेबांच्या बायकोला लावायचा. परवा आमच्याच विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी हे करून दाखवलं. नवरा रात्रभर नाकाबंदी करून सकाळी घरी आला होता. बूट काढले तर मोज्याची वीण पायांवर उमटलेली, पाय इतके सुजलेले की चप्पल चढेना. खिशातला रुमाल मी बादलीत टाकला, तर पाणी काळं. दोन घास खाऊन आडवा झाला, जेमतेम डोळा लागला आणि फोन. "वहिनी, जरा साहेबांना द्या ना, 500 रुपयांचा विषय आहे." मी म्हटलं, काका, ते झोपलेत. आणि आता ई-चलन असतं, मशीनमध्ये फोटो गेला की त्या शिपायाच्याही हातात काही राहत नाही. "अहो, पण एक शब्द टाकायला काय जातं?" फोन ठेवला तर पुन्हा फोन. तो उचलला नाही तर बेल, दारात काकू! शेवटी हा बनियनवर उठून बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि काही होणार नाही म्हणून शांतपणे सांगितलं. काकू जिना उतरता उतरता मला ऐकू येईल अशा बेताने बोलल्या, "ओळख असून उपयोग काय!" आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांची पोस्ट : पोलीस फक्त सामान्य माणसाला लुटतात. खाली अंगठ्यांची रांग.

खातात ना, काही पोलीस पैसे खातात. मी कुठे नाही म्हणते? पण "पावती राहू द्या, दोनशेत मिटवा" हे आधी कोण म्हणतं, तेही एकदा ग्रुपवर टाका.

तावातावाने कॉलर धरण्याआधी एवढं पाहून ठेवा, ड्यूटीवरच्या सरकारी माणसावर हात टाकला तर लागणारं जुनं कलम 353 आता भारतीय न्याय संहितेत 132 झालंय.

बॅरिकेड दिसलं की हुज्जत घाला. "आम्ही पंचवटीतलेच, आम्हाला काय अडवता?" 2027 च्या सिंहस्थात तर भरपूर संधी आहे. 27 ऑगस्ट 2003 ला कुंभाच्या गर्दीत याच नाशकात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली. पण तुम्हाला त्याचं काय? तुम्हाला दोन गल्ल्यांचा वळसा पडतो! त्या पर्वण्यांना याच्या रजा बंद असणार, घरी कोणी आजारी असो की कोणाचं लग्न. आणि तुम्ही त्याला विचारणार, "व्हीआयपी पास जमेल का?"

जाऊ दे, हे तिरकं बोलणं मला आता जमेना. काका, तुम्ही हे वाचताय ना? हेल्मेट तुमच्या डिकीत पडलेलं होतं. डिकीत! तुमच्या पोराची गाडी गंगापूर रोडला घसरली, तेव्हा रात्रभर सिव्हिलच्या बाकड्यावर कोण बसलं होतं? पंचनाम्यासाठी धावपळ कोणी केली? सकाळी तिथूनच परस्पर ड्यूटीवर कोण गेलं? तेव्हा झाला होता ना ओळखीचा उपयोग? मग लाज कशी वाटत नाही? ग्रुपवरची ती पोस्ट काढा, 500 रुपये मुकाट्याने भरा, आणि तो झोपलेला असताना पुन्हा बेल वाजवलीत तर दार मी उघडणार आहे, तो नाही.