हळहळण्याची रीत

जून उजाडला की गोव्यात दोन गोष्टी येतात, पाऊस आणि पर्यावरणावरचा माहितीपट. पाऊस चार दिवस मागेपुढे होतो. माहितीपट मात्र पाच तारखेला, पर्यावरण दिनी, संध्याकाळी साडेपाचला म्हणजे साडेसहाला सुरू होतोच. आमच्या गावातही यंदा झाला. गाव फोंडा तालुक्यातलं, कुंभारजुवे कालव्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही, उगाच तुम्हाला तुमचंच वाटायचं. मंडळाच्या सभागृहात सत्तरेक माणसं होती. मी माहितीपट थोडा पाहिला आणि माणसं बरीच पाहिली. आपल्या लोकांना हळहळण्याची हौस दांडगी आहे, पण तिला वळण नाही. म्हणून हे चार शब्द.

आधी जाण्याविषयी. चालत जाऊ नका. चालत आलेला माणूस पर्यावरणावर बोलायला लागला की लोकांना वाटतं, याच्याकडे गाडी नाही म्हणून बोलतोय. सभागृह घरापासून चारशे मीटरवर असलं तरी गाडी काढा. लावायला जागा मिळते. समोर पूर्वी शेत होतं, दोन वर्षांमागे एका रात्रीत टिपर येऊन माती ओतून गेले. कोणाचे, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि विचारलं तर कोणालाच नाही. दारात कापडी पिशवी मिळेल, ती घ्या. आमच्या पिशवीवर हिरव्या अक्षरांत ‘निसर्ग वाचवा’ आणि खाली डोंगरउतारावरच्या बंगल्यांच्या प्रकल्पाचा फोन नंबर होता. माझ्याकडे आता अशा अकरा पिशव्या झाल्या. बाजारात जाताना एकही आठवत नाही.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. कुठे ‘च्च’ करायचं आणि कुठे नुसती मान हलवायची, एवढं कळलं की निम्मं काम झालं. हिमनदी कोसळली, ‘च्च’. 2024 हे आजवर मोजलेलं सगळ्यात उष्ण वर्ष, औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून वर, असा आकडा आला की ‘च्च’ नको. तिथे एसीकडे बघून ‘तरीच!’ म्हणावं, आणि एसी एक अंश खाली करायला सांगावं. पांढरं अस्वल दिसलं की मात्र हात आखडता घेऊ नका. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, आणि मला त्यांचं कौतुकच वाटलं. पांढऱ्या अस्वलासारखा हळहळायला सोयीचा प्राणी दुसरा नाही. ते तुमच्या कुळागरात शिरत नाही, केळी मोडत नाही, ऐन रात्री कुत्र्यांना भुंकायला लावत नाही.

गव्याचं तसं नाही. गवा आपला राज्यप्राणी, पण पडद्यावर बिचारा पाणी शोधत वणवण फिरताना दाखवला तरी एकही पदर हलला नाही. उलट मागून आवाज आला, ‘तो कॅमेरा म्हणावं आमच्याकडे पाठवा, केळींचं काय केलंय ते दाखवतो.’ वाघाचंही तेच. 2020 च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिची पिलं, मिळून चार वाघ विषबाधेने मेले. तेव्हा आपण आठवडाभर कशाची चर्चा केली? ते मुळात गोव्याचे होते की कर्नाटकातून आले होते याची. पाहुणे असले तर सुतक कमी दिवसांचं, असा आपला हिशेब असावा.

माहितीपट संपला की खरा कार्यक्रम सुरू होतो, त्याला चर्चा म्हणतात. तिथे एक पथ्य कटाक्षाने पाळा: गुन्हेगार सभागृहाच्या बाहेरचाच हवा. जितका लांबचा तितका बरा. चीन उत्तम, अमेरिका चालेल. अगदीच जवळचा हवा असेल तर दिल्लीवाला घ्या. दिल्लीवाल्याने डोंगर कापला, दिल्लीवाल्याने बंगला बांधला, दिल्लीवाल्याने पोहण्याचा तलाव खणून शेजारची विहीर आटवली. सगळं खरं आहे, बेलाशक बोला. फक्त त्याला जमीन कोणी विकली, हा प्रश्न अश्लील समजावा. माझंही एक भरड होतं, आजोबांनी लावलेल्या काजूंचं. विकलं. पण माझं विकणं वेगळं होतं, मुलीचं शिक्षण होतं. बाकीच्यांनी विकलं ते हावेपोटी.

आणि म्हादई विसरू नका. म्हादई आपली आई. तिचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचं नाव निघालं की मुठी वळल्या पाहिजेत. 2018 साली लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं, हा आकडा दशांशासकट पाठ असावा. त्याच निवाड्यात आपल्या वाट्याला 24 टीएमसी आलं, आणि त्यातलं आपण साठवतो किती, वापरतो किती, या तपशिलात शिरायचं नाही. आई ही फक्त वरच्या अंगाला आई असते. सत्तरी उतरून ती खाली आली की तिची मांडवी होते, पणजीपाशी तिच्या पात्रात कॅसिनोची जहाजं दिवे लावून उभी असतात, आणि आपण पुलावरून पाहुण्यांना म्हणतो, रात्री काय सुरेख दिसतं नाही!

कोणी झाडतोडीचा विषय काढला तर घाबरू नका, व्याख्या विचारा. इथे आपल्या राज्याचा इतिहास तुमच्या मदतीला आहे. 2016 च्या जानेवारीत आपल्या विधानसभेने वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडांच्या यादीतून वगळलं. काल संध्याकाळपर्यंत झाड असलेला माड सकाळी झाड उरला नाही. अंगणातल्या माडाला यातलं काहीच कळलं नाही, तो आपला नारळ देत राहिला. पुढच्या सरकारने 2017 साली त्याला पुन्हा झाड केलं. तेव्हा इतकी झाडं गेली, असं कोणी म्हणालं की शांतपणे विचारावं, ‘म्हणजे कुठल्या वर्षीची झाडं?’

संकट रोज डोळ्यांसमोर असलं की त्याचं काय करायचं, हेही आपल्याला शिकवायला नको. 2000 सालच्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच बसलं. सुरुवातीला आपण हळहळलो, मग सरकारला नावं ठेवली, आणि मग त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. ते गेलं तेव्हा काही जणांना किनारा ओकाबोका वाटला म्हणे.

चर्चेत काही ठरलेली माणसं असतात, त्यांतली एक भूमिका निवडून ठेवा. ‘माहितीपट छान होता, पण दुसरी बाजूही दाखवायला हवी होती,’ हे म्हणणारा एक लागतो. दुसरी बाजू कोणती, ते त्याला विचारायचं नसतं. ड्रोन कुठल्या कंपनीचा, हे विचारणारा एक तरुण लागतो. ‘मोल्याचं जंगल वाचवायला मी लॉकडाऊनमध्ये सही केली होती,’ असं सांगणारा एक लागतो; ती 2020 ची एक सही त्याला मरेपर्यंत पुरणार आहे. जैवविविधतेवर सुरेख बोलणारेही एक गृहस्थ होते. नंतर भजी खाताना ते शेजाऱ्याला हळूच सांगत होते की पहिला पाऊस पडला, आता ‘जम्पिंग चिकन’ कुठे मिळतं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. पाहुण्यांसाठी सांगतो, हे चिकन डबक्यात डराव डराव करतं आणि वन्यजीव कायद्याने त्याला मारायला बंदी आहे.

एकच माणूस या साच्यात बसला नाही. डिचोलीकडचा होता, बहिणीकडे आला होता. उठून म्हणाला, ‘2012 ला खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, 2018 ला परत थांबल्या. माझे दोन ट्रक दारात गंजले. धूळ वाईट होती, मला कळतं, माझ्याच आईला दमा आहे. पण हप्ता बँकेने थांबवला नाही.’ सभागृह गप्प झालं. असा माणूस भेटला तर काय करावं? त्याला उत्तर देऊ नका, कारण ते आपल्याकडे नाही. ‘भावना समजू शकतो,’ म्हणा आणि माइक पुढे द्या. आमच्या सूत्रसंचालकांनी तेच केलं.

माइक पुढे गेला तो चुकीच्या हातात. मागच्या दाराशी, ओली छत्री पायाशी ठेवून एक मामा बसले होते. त्यांना माहितीपटाशी देणंघेणं नसावं, पाऊस थांबेपर्यंत टेकले असावेत. माइक तोंडापासून फूटभर लांब धरून ते म्हणाले, ‘आमच्या मानशीचें दार कुसलां. तें कोण बदलतलो?’

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थांबतो. मामा विचारत होते, मानशीचं दार कुजलंय, ते कोण बदलणार? खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं तोंड. तिला लाकडी दारं असतात. भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. वीज नको, यंत्र नको, पाचपन्नास पिढ्यांचं शहाणपण दोन फळ्यांत मावलेलं. जूनच्या पावसाने शेतातलं मीठ धुऊन गेलं की कोरगुटाचं भात पेरायचं. दार धड असेल तरच. मानशीवरच्या मासळीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि ज्याने बोली जिंकली त्याला भरतीचं पाणी आत आलेलं हवं असतं, सुंगटं, म्हणजे कोळंबी, त्याच्याबरोबर येतात. मग दार उचलून ठेवलं जातं, खारं पाणी शेतात राहतं, शेत पडीक होतं. पडीक शेत पुढे काय होतं, ते सभागृहासमोर गाड्या लावताना आपण पाहिलंच. आमच्या मानशीची यंदाची पावणी ज्यांनी घेतली ते दुसऱ्या रांगेत बसले होते. हिमनदीला सगळ्यात मोठं ‘च्च’ त्यांचंच होतं.

अशा प्रश्नाला तोंड देण्याची एक पद्धत आहे, ती आमच्या अध्यक्षांकडून शिकावी. ते म्हणाले, ‘मामांनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला. पण आजचा विषय जागतिक आहे.’ टाळ्या पडल्या. मामांनीही वाजवल्या. माइक परत कोणाकडे द्यायचा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो छत्रीशेजारी ठेवला. लगेच चहा आला. कागदी कपांतून, ते मुद्दाम सांगतो.

घरी जाण्याआधी एक काम राहतं. गाडीत बसल्या बसल्या, विचार विरायच्या आत, स्टेटस टाका. ‘डोळे उघडणारा अनुभव’ हे शब्द चांगले. सोबत पडद्याचा फोटो, शक्यतो अस्वलाचा. मी तेच केलं आणि बांधावरच्या रस्त्याने निघालो.

साडेआठ झाले होते, भरती होती. मानशीपाशी पाण्याचा घळघळ आवाज येत होता, बाहेरून आत. टॉर्च तोंडात धरून मामा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि दोन पोरं त्यांना चिखलाची पोती देत होती. माझी गाडी पाहून त्यांनी टॉर्च हातात घेतला. ‘मातसो उजवाड मार रे हांगा.’

मी गाडी तिरकी लावून दिवे त्यांच्यावर सोडले. काच खाली केली नाही, पाऊस आत येत होता. चारेक पोती बसली, आवाज थोडा कमी झाला. पाच मिनिटं झाल्यावर पुढच्या वळणावरून कोणीतरी हॉर्न वाजवला, रस्ता अरुंद आहे, तेव्हा मी गाडी सरळ केली आणि निघालो. स्टेटसला तोवर चाळीस अंगठे आले होते. एक दुसऱ्या रांगेतला होता.