मोठ्ठा आ

आमच्या चिरंजीवांचे तोंड दिवसभरात क्वचितच मिटलेले असते. सकाळी ते प्रश्न विचारते, जेवताना तक्रारी करते आणि रात्री साडेदहानंतर, घरातील इतरांचे डोळे मिटू लागले की, गाऊ लागते. हेच तोंड उघडावे म्हणून एका सतरा किलोच्या मुलापुढे चार प्रौढ माणसांना हात जोडून उभे राहावे लागेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

जून महिन्यातल्या एका रात्री दोन वाजता त्याची खालची दाढ ठणकू लागली. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवू गेलो, तर त्याने बोळा थुंकला आणि माझे बोट चावले. आजीचे मत असे पडले की, "दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडायचीच, तिला कशाला डॉक्टर?" आर्थिकदृष्ट्या हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला होता. परंतु दंतवैद्य बाईंनी समजावले की समोरचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या या दाढेचा निम्मा मुक्काम अजून बाकी होता. पहिला दात आल्यावर, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला एकदा का दाखवले नाही, असेही त्यांनी विचारले. पहिल्या वाढदिवसाला आम्ही फुगेवाला, फोटोग्राफर आणि शंभर पानांचा केटरर बोलावला होता. दंतवैद्याचे नाव कोणाच्याच यादीत आले नव्हते. त्यामुळे दुखत नसताना जी ओळख व्हायची, ती आम्ही नेमकी ठणका लागलेल्या दिवसासाठी राखून ठेवली. आणि दुखऱ्या जागेला अनोळखी माणसाने बोट लावावे, हे मोठ्यांनाही रुचत नाही.

पण खरा पराक्रम त्याआधीच्या चार वर्षांतला आहे. "भात संपव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील," हे वाक्य आमच्या घरात मिठाइतके वापरले गेले आहे. या एका सुईच्या जोरावर आम्ही वरणभात संपवला, दूध पाजले, दुपारची झोप घडवली आणि मोबाइलही परत मिळवला. ज्या माणसाला आम्ही चार वर्षे बागुलबुवा म्हणून नोकरीवर ठेवले होते, त्याच्याच समोर पाचव्या वर्षी मुलाने हसतमुखाने जबडा उघडावा, अशी आमची अपेक्षा होती. मुलाने मात्र आमच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला होता.

स्कूटरवरून कोथरूडच्या दवाखान्याकडे जाताना मी त्याला धीर देऊ लागलो. "अजिबात दुखणार नाही हं."

मागून थोडा वेळ आवाज आला नाही. मग आला, "काय दुखणार नाही?"

तोपर्यंत त्याच्या डोक्यात दुखण्याचा विषयच नव्हता. त्याला फक्त दवाखान्यातल्या माशांची टाकी पाहायची होती. मी घाबरून "काहीच नाही, सुई अगदी बारीक असते" असा खुलासा केला आणि उरलासुरला पायाही खणून काढला. वेळ मी सायंकाळी सातची घेतली होती, कारण ती माझ्या ऑफिसला सोयीची होती. मुलाच्या दृष्टीने ती भूक, पेंग आणि रडू यांचा त्रिवेणी संगम होण्याची वेळ होती. त्यात पन्नास मिनिटे बाहेर बसून आतल्या मुलाचा टाहो ऐकणे घडले. टाकीतले मासे मोजून झाले, पुन्हा मोजून झाले. आमचा नंबर आला तेव्हा चिरंजीवांनी ओठ असे मिटून घेतले की जणू ते शिवलेले होते.

घरी येऊन मी अपमानित माणूस करतो तेच केले, म्हणजे वाचन केले. फ्रँकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मुलांच्या सहकार्याची चार पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली, ती दंतवैद्य आजही वापरतात. सर्वांत खालच्या पायरीवर रडणारे आणि साफ नकार देणारे मूल असते, सर्वांत वरच्या पायरीवर हसतखेळत उपचार करून घेणारे. आमचे चिरंजीव तळाच्या पायरीवर बैठक मारून बसले होते. वय, आधीच्या इंजेक्शनांच्या आठवणी आणि आईची धास्ती यांचा मुलाच्या वागण्याशी संबंध असतो, हेही मी वाचले आणि शेवटचा मुद्दा बायकोला जरा मोठ्याने वाचून दाखवला.

"जुन्या अभ्यासांत सगळे आयांनाच का विचारत असतील?" ती म्हणाली. "बाबा तिथपर्यंत पोहोचतच नसतील."

दुसऱ्या खेपेस डॉक्टरबाईंनी सकाळी दहाची वेळ दिली आणि नाश्ता करून यायला सांगितले. त्यांची पद्धत जुनी व साधी होती: आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे. थुंकी ओढणारी नळी ही हत्तीची सोंड झाली. पाण्याचा फवारा ही रंगपंचमीची पिचकारी झाली. गोल फिरणारा मऊ ब्रश त्यांनी आधी स्वतःच्या नखावर फिरवला, मग त्याच्या अंगठ्याच्या नखावर, आणि गुदगुल्या होतात असे त्याने जाहीर केल्यावरच तो तोंडात गेला. शिवाय त्यांनी त्याला एक अधिकार दिला. काही खुपले तर डावा हात वर करायचा, की काम तत्काळ थांबेल. चिरंजीवांनी लागोपाठ सात वेळा हात वर केला. सातही वेळा काम थांबले. मोठी माणसे दिलेला शब्द पाळतात हा अनुभव त्याला नवीन असावा, कारण त्यानंतर तो खुर्चीत सैलावून बसला.

हिरडीला बधिर करणारा मलम लावून झाला. मदतनीस मुलीने मुलाच्या नजरेआडून, त्याच्या हनुवटीच्या खालून, काहीतरी डॉक्टरबाईंच्या हातात सरकवले. "आता आपण दाढेला झोपवणारं पाणी देऊया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हा सगळा नाजूक व्यवहार सुरळीत चालला असताना, खोलीत कुणीतरी घशातल्या घशात विचारले, "बाई, सुई एवढी लांब असते?"

तो आवाज माझा होता.

डावा हात वर गेला. डॉक्टरबाईंनी वळून न पाहता सांगितले, "बाबांनी बाहेर माशांजवळ बसावं."

मी बाहेर बसलो. आतून टाहो येईल, मग मला बोलावतील, अशा तयारीने मी दाराकडे कान लावून होतो. आतून शिट्टीसारखा आवाज येत होता, मध्येच बाईंचे आकडे मोजणे येत होते आणि एकदा तर चक्क मुलाचे हसणे आले. माझ्यावाचून माझे मूल इतके शहाण्यासारखे वागते आहे, याचा आनंद व्हायला मला बराच वेळ लागला. आणखी एका खेपेनंतर दाढेवर स्टीलची चकचकीत कॅप बसली. ती त्याने लिफ्टमधल्या दोन अनोळखी गृहस्थांना, इस्त्रीवाल्याला आणि सोसायटीच्या मांजरालाही आ करून दाखवली.

रविवारी दुपारी पाहतो तो काय, बैठकीच्या खोलीत दवाखाना सुरू होता. आजोबा आरामखुर्चीत आडवे होते, आजी वाटी धरून मदतनीस झाली होती आणि डॉक्टर चमचा घेऊन नखावर प्रात्यक्षिक दाखवत होते. मी कौतुकाने जवळ गेलो, तर चमचा माझ्याकडे रोखला गेला. "बाबा, तू बाहेर बस."

मी दारातच थबकलो. "आजोबा, आता मोठ्ठा आ," असा हुकूम सुटला. आजोबांनी क्षणभर विचार केला, तोंडातून कवळी काढली आणि डॉक्टरांच्या हातात ठेवली. फ्रँकल यांच्या मोजपट्टीत एवढ्या सहकार्यासाठी पायरी नाही.