कडी बाहेरून लावायच्या आधी

रविवारी दुपारी ताईचा फोन. "आठ दिवस खोलीत ठेवलं की सुटतं म्हणतात. कडी बाहेरून लावू का?"

भाचा एकवीस वर्षांचा आहे. तो एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, घेतो हे घरात कळून पंधरा दिवस झालेत. आणि हे 'म्हणतात' म्हणजे कोण, तर तिच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज. तोच मला तीन वेगळ्या ग्रुपांवरून आलाय. 'ड्रग्ज कायदेशीर करा म्हणणाऱ्यांनो, हे वाचा' असं वर ठळक अक्षरांत आणि खाली हात जोडलेले. त्यात चार दावे आहेत. एक, फिलिपीन्सने गोळ्या घालून सहा महिन्यांत ड्रग्ज संपवले. दोन, पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केले, तिथे ते दुकानात मिळतात. तीन, आपला कायदा बुळबुळीत, त्यात फाशीच नाही. चार, व्यसनी मुलगा हा गुन्हेगारच. दवाखान्यात नेलात तर पोलीस केस होते, व्यसनमुक्ती केंद्रांत पोरांना मारतात, म्हणून घरातच आठ दिवस कोंडा.

चौथ्यापासून सुरू करते. बाकीचे तीन वाचून माणूस फार तर चुकीचं बोलेल. चौथा वाचून माझी बहीण कडी लावायला निघाली होती.

आपला अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५ चा आहे आणि कडक आहे. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ खाली गुन्हा होतो, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने ते उपचार घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकून पळाला तर ही सवलत काढून घेता येते, एवढीच अट. म्हणजे ज्याच्यावर आरोप लागलाय त्यालासुद्धा कायदा सांगतो, आधी दवाखान्यात जा. मग ज्याच्यावर काहीच नाही, त्याला आईने डॉक्टरकडे नेलं तर केस कसली होणार? शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून होणारे मानसिक आजारही धरलेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हा कायदा उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.

आता कोंडण्याचं. 'व्यसन' हा एकच शब्द आहे म्हणून सगळ्या नशा एक होत नाहीत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जातो. गर्द ओढणाऱ्याला उलट्या-जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं. त्याहून वाईट म्हणजे आठ-दहा दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरते. सुटल्यावर तो जुन्याच मापाने ओढतो आणि तेवढ्यानेच श्वास थांबतो. एमडी तोडल्यावर अंग फारसं ओरडत नाही, पण मन पार खाली जातं. काहींना जीव नकोसा होतो. अशा पोराला पंखा असलेल्या खोलीत एकटं ठेवून बाहेरून कडी लावायची? हा सल्ला देणाऱ्याला एक रात्र त्या दाराबाहेर बसवायला हवं.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला, असं त्यात आहे. आणि दारू तर आपल्याकडे दुकानात मिळते, तिथे पोलिसांची भीती नाही. मग एमडीवाल्या पोरांच्या आया असले मेसेज वाचून काय करत असतील?

फिलिपीन्स. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ड्युटर्टे यांनी २०१६ च्या प्रचारात तीन ते सहा महिन्यांचा वायदा केला होता. जूनअखेर खुर्चीवर बसले आणि सप्टेंबरात स्वतःच आणखी सहा महिने मागितले. पुढे सहा वर्षं राज्य केलं, ड्रग्ज होते तिथेच. सरकारी आकड्यानेच सहा हजारांवर माणसं मेली. त्यातच २०१७ साली कियान देलोस सांतोस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पोलिसांनी मारला. सीसीटीव्हीत त्याला ओढत नेताना दिसलं आणि पुढच्या वर्षी तीन पोलिसांना शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये ड्युटर्टे स्वतः अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात गेले. मेसेज अजून 'ऐसा नेता चाहिये' म्हणतोय. आणि तोही हिंदीत.

पोर्तुगालमध्ये दुकानात काहीही मिळत नाही. जुलै २००१ पासून दहा दिवस पुरेल इतकाच माल जवळ सापडला तर तो फौजदारी गुन्हा धरत नाहीत. तीन जणांच्या समितीपुढे जावं लागतं आणि तिथून उपचाराकडे. विकणारा तेव्हाही तुरुंगात जायचा, आजही जातो. सुईने नशा करणाऱ्यांतली एचआयव्हीची लागण तिथे खूप खाली आली, कारण पैसा उपचारांवर गेला. उलटा नमुनाही आहे. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२१ पासून शिक्षा काढल्या, पण उपचारांची सोय मागे राहिली, लोक वैतागले आणि २०२४ साली पुन्हा गुन्हा केला. तेव्हा 'सगळं खुलं करा' म्हणणाऱ्यांनीही फार उड्या मारू नयेत. मी त्यांच्यातली नाही. एमडी आपल्याकडे २०१५ पर्यंत या कायद्याच्या यादीतच नव्हतं, आणि तेव्हाच ते पोरांपर्यंत पोचलं.

फाशी? आहे. कलम ३१-अ, मोठ्या साठ्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यांसाठी. आधी ती सक्तीची होती. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने सक्ती घटनेत बसत नाही म्हटलं आणि २०१४ च्या दुरुस्तीत ती न्यायाधीशाच्या मर्जीवर आली. फाशी पुस्तकात असूनही २०२३ साली नाशिकजवळ शिंदे गावात आणि पुढच्या वर्षी कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडीचे कारखाने निघाले.

एक गोष्ट मात्र मेसेजने खरी लिहिली आहे, नाइलाजाने मान्य करते. व्यसनमुक्तीच्या नावाखाली पोरांना मारणारी, साखळीने बांधणारी केंद्रं आहेत. पण त्यावर उपाय घरात साखळी आणणं हा नाही. सरकारमान्य आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारायचं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं, इतकं नीट नाही, बरंच ओरडून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आधार कार्ड लागेल का गं?"

तेवढ्यात मागून भाच्याचा आवाज आला. मावशी येणार असेल तर येतो म्हणाला, बाबा नकोत. बुधवारची वेळ मिळाली आहे.