झोपेशी स्पर्धा करणाऱ्यांना हातभार लावा

नाशिककरहो, तिकडे कंपन्या जिवाचं रान करताहेत आणि तुम्ही रात्री अकराला गुमान झोपता? नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्येच सांगून टाकलंय, आमची स्पर्धा झोपेशी आहे. तेव्हा भाग संपला की रिमोटला हात लावू नका. पुढचा आपोआप सुरू होतो. तेवढ्या चार-पाच सेकंदांत उठून बंद करायला आपण काय पैलवान आहोत? मी शनिवारी इंदिरानगरच्या घरी ‘एकच भाग’ म्हणून बसलो, उठलो ते दूधवाल्याने बेल वाजवल्यावर. सकाळी मिसळ खायला गेलो तर पापड हातात आणि डोळे मिटलेले. बायको म्हणाली, “अहो, तर्री शर्टावर!” त्याग करावाच लागतो.

काही भोळे लोक म्हणतात, धंद्याला माल चांगला हवा. हवा ना, पण तो कोणापुढे कधी ठेवायचा ते कळायला हवं. कोणाला काय आवडेल हा शिफारशींमागचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारणाऱ्याला नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलर जाहीर केले, २००९ मध्ये दिलेही. जिंकलेलं ते गणित मात्र पूर्णपणे कधी वापरलंच नाही. तुम्ही काळजी करू नका. काय बघायचं ते शोधता शोधता ताटातली भाजी गार होईपर्यंत नेटाने बोट फिरवत राहा.

पासवर्ड साडूला देऊ नका. पूर्वी दिलात तर चालायचं. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सनेच, पासवर्ड वाटणं म्हणजे प्रेम, असं ट्विट केलं होतं. जुलै २०२३ पासून भारतात ते प्रेम एका घरापुरतं उरलं. सिडकोतले आमचे साडू तेव्हापासून फोनवर जरा तुटकच बोलतात.

आणि मुख्य म्हणजे ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला खात्यातून पैसे आपोआप कापले जाणं. याच नाशकात दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाची कंपनी चालवली, पण ही युक्ती त्यांना सुचली नाही. बिचारे, प्रेक्षक प्रत्येक वेळी खिशात हात घालील या भरवशावर राहिले! आमच्याकडून एका ॲपला दर महिन्याला पैसे जातात. ॲप फोनमध्ये नाही. नातवाचे फोटो मावेनात म्हणून सासूबाईंनी कधीच काढून टाकलं. पैसे कापण्याआधी बँकेचा मेसेज तेवढा नेमाने येतो.

“कसले हो हे?” बायको विचारते.

“गॅसचे असतील,” मी म्हणतो.