बंद करा म्हणायला काय जातं?

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर भाऊजींनी मेक्सिकोचा तो व्हिडिओ टाकला. २०२४ च्या जूनमधला. रुळाच्या दोन्ही बाजूंना गर्दी, समोरून येणारं काळंभोर वाफेचं इंजिन आणि फोटोसाठी रुळाला अगदी खेटून गुडघ्यावर बसलेली एक तरुण मुलगी. पुढचं मी लिहीत नाही. खाली भाऊजींचा मेसेज : "दार्जिलिंगची वाफेची गाडी रद्द करू. डिझेलची घेऊ. ही शंभर वर्षांची भंगारं कधी फुटतील नेम नाही. सरकारने बंदच केली पाहिजेत." त्याखाली धडाधड अंगठे. दुपारपर्यंत तिकिटं रद्द झालीसुद्धा. मला कुणी विचारलं नाही.

भाऊजी, तुमच्याबद्दल मला आदर आहे, तुम्ही ही पोस्ट वाचणार हेही माहीत आहे. पण त्या व्हिडिओत काहीही फुटलेलं नाही! ते २८१६ नंबरचं इंजिन, १९३० साली माँट्रियलमध्ये बांधलेलं. कॅनडातल्या कॅलगरीहून मेक्सिको सिटीपर्यंतच्या खास प्रवासाला निघालं होतं आणि आपल्या रुळावरून चाललं होतं. पोर रुळाच्या फार जवळ होती. त्या जागी डिझेल असतं, विजेचं इंजिन असतं, तरी तेच झालं असतं. कुणाची तरी लेक गेली. त्यातून घ्यायचं काय, तर रुळापासून लांब उभं राहा आणि गर्दी मागे हटवायला माणसं ठेवा. इंजिन वाफेवर चालतं की डिझेलवर याचा त्या मरणाशी संबंध काय?

आपल्या मुंबईत लोकलच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात. २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, तेव्हा आपण सगळे हळहळलो, चिडलो. आपण विचारलं, दारं बंद का होत नाहीत, गाड्या का वाढवत नाहीत. लोकल बंद करा असं कुणी म्हणालं नाही, कारण तिच्याशिवाय पोट भरत नाही. वाफेच्या इंजिनाशिवाय कुणाचं अडत नाही, म्हणून बंद करा म्हणायला काही जात नाही. खरं कारण एवढंच आहे.

माझे आप्पा, म्हणजे मोठे चुलते, आमच्या भागातल्या नॅरोगेजवर आधी फायरमन, म्हणजे इंजिनाची आग सांभाळणारे, आणि मग ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, बॉयलर रागावत नाही, बॉयलरला तहान लागते. त्यांच्या लेखी सगळी विद्या त्या एका गोष्टीत होती. इंजिनाच्या भट्टीच्या डोक्यावरचा पत्रा, ज्याला क्राउन शीट म्हणतात, तो कायम पाण्याखाली असला पाहिजे. खाली आग, वर पाणी. पाणी उतरलं आणि पत्रा उघडा पडला की तो लाल होतो, मऊ पडतो आणि वरच्या दाबाने खाली बसतो. मग एवढ्या पाण्याची क्षणात वाफ होते. तेवढ्यासाठी त्या पत्र्यात शिशाची डाट असते. पाणी संपलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येऊन इशारा देते. तुमच्या-आमच्या ओट्यावरच्या कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो याच तत्त्वावर चालतो. पाणी न घालता कुकर चढवला तर तो व्हॉल्व्ह उडतो, मग आपण नवा व्हॉल्व्ह आणतो आणि संध्याकाळी त्याच कुकरात डाळ लावतो. कुकरवर बंदी आणा म्हणत नाही.

ती लग्नसराईतली रात्र आमच्या घरात कितीदा सांगितली गेली असेल. गाडीत वऱ्हाड, बाहेर मिट्ट काळोख, आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर पाणी घेईना. आप्पांनी त्यावर ओली पोती टाकून तो गार करून पाहिला, दुसरा चालवून पाहिला. बॉयलरमध्ये पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेतलं पाणी उतरतच चाललं. गाव दिवे दिसतील इतकं जवळ होतं. आप्पांनी गाडी उभी केली आणि आग पाडली. सगळा जळता कोळसा खाली, रुळांमध्ये. दुसरं इंजिन येईपर्यंत पहाट झाली. मुहूर्त गेला. मुलीचा बाप आप्पांच्या अंगावर धावून आला, माणसांनी आयमाय काढली. आप्पा उलट एक शब्द बोलले नाहीत.

आता परदेशातल्या ज्या दोन अपघातांची नावं अशा वेळी हमखास निघतात, ते बघा. १६ जून १९९५, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया, गेटिसबर्गची पर्यटकांची गाडी, १२७८ नंबरचं इंजिन. क्राउन शीट बसलं, इंजिनावरचे तिघे भाजले. चौकशीत काय निघालं? बॉयलरमध्ये पाणी कमी, आणि पाण्याच्या काचेकडे येणारी वाट क्षाराने तुंबलेली. काच खोटं सांगत होती आणि ते ओळखायला त्या माणसांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि मेलं कुणी नाही, हे कुणी सांगत नाही! १९४८ मध्ये ज्यांनी ते बॉयलर बांधलं, त्यांनी आतले आधाराचे खिळे असे बसवले होते की पत्रा बसलाच तर एका दमात फाटू नये, टप्प्याटप्प्याने बसावा. जवळजवळ पन्नास वर्षं आधी कुणीतरी आपल्या जिवाची काळजी करून ठेवली होती. ज्याला आपण भंगार म्हणतो त्यात ही अक्कल भरलेली असते.

आप्पांनी मला लहानपणी इंजिनावर चढवून ती काच दाखवली होती. खालची तोटी उघडली की पाणी फस्सकन खाली जातं, बंद केली की ताबडतोब वर उसळलं पाहिजे. रेंगाळलं तर वाट तुंबतेय. "हलत नाही त्या पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही, पोरी." दर ड्युटीला ते हे करायचे. गेटिसबर्गला कुणीतरी एवढं केलं असतं तर तिघांची कातडी वाचली असती.

दुसरा अपघात मोठा. २९ जुलै २००१, ओहायोतलं मेदिना. जत्रा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती, आणि वाफेवर चालणारं शेतीचं अवजड जुनं इंजिन मैदानातच फुटलं. पाच माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. पाणी कमी, वरचा पत्रा गंजून पातळ झालेला. मान्य, तिथे हौशी माणसांच्या भरवशावर चालू होतं आणि असल्या जुन्या बॉयलरांची तपासणी सक्तीची नव्हती, हे चूकच होतं. पण ओहायोने नंतर काय केलं? बंदी नाही घातली. तपासणी सक्तीची केली आणि चालवणाऱ्याला परवाना लावला. गेटिसबर्गनंतरही अमेरिकेत रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले. आता तिथे चालवलेले १४७२ दिवस किंवा पंधरा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बॉयलर उघडून आतून बाहेरून तपासावं लागतं. ही शहाण्या माणसांची रीत. माणूस मेला तर कारण शोधायचं आणि तेवढं दुरुस्त करायचं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. सासूबाई मघाशी म्हणाल्या, "अगं, लेकरं बरोबर आहेत, जीव घाबरतो." त्यांच्या भीतीवर मी रागावू शकत नाही. माझीही लेकरं त्यात आहेत. धगधगती आग, अंगावर येणारी वाफ, तो आवाज, पहिल्यांदा बघणाऱ्याला भीती वाटणारच. धुराबद्दल कुणी बोललं तर तेही ऐकून घेईन. पण दार्जिलिंगची ती बुटकी निळी इंजिनं १८८९ पासूनच्या घडणीची आहेत, दोन फुटांच्या रुळावर घूम स्टेशनापर्यंत चढतात, त्यांची रेल्वे १९९९ पासून जागतिक वारसा आहे, आणि ती चालवणारी माणसं रोज त्याच कामात मुरलेली आहेत. त्या माणसांवर भरवसा नाही, आणि कुठून आला माहीत नसलेल्या व्हिडिओवर आहे, हे मला सहन होत नाही.

कारण बंदीने धोका जात नाही, उलट वाढतो. इंजिन थंड पडलं की आधी माणसं जातात. काच कशी तपासायची, बॉयलर धुवायला कसा उघडायचा, शिशाची डाट कधी बदलायची, हे हाताला हात लावून शिकवायचं काम आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची रोजची वाफ १९९५ च्या डिसेंबरात संपली. त्या शेडमधली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. उद्या एखाद्या मंत्र्याला हौस आली, फलाटावर उभं केलेलं इंजिन उद्घाटनाला पेटवायचं ठरलं, तर पेटवणार कोण? ज्याने कधी काचेत पाणी बघितलं नाही तो? मेदिना तिथे घडेल. आणि तेव्हाही लोक इंजिनालाच दोष देतील.

आप्पांनी त्या रात्री आग पाडली म्हणून ते वऱ्हाड सकाळी धडपणे मांडवात पोचलं. त्यातल्या कुणालाही शेवटपर्यंत कळलं नाही की कशातून वाचलो. न झालेल्या अपघाताचा व्हिडिओ निघत नाही, तो कुणी फॉरवर्ड करत नाही. वर्षानुवर्षं, हजारो गाड्यांवर, अशा माणसांनी रोज न झालेले अपघात घडवले आहेत. त्यांच्या यंत्राला कुणी घरबसल्या भंगार म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि फिरणारच.

वाफेच्या गाडीची तिकिटं मी पुन्हा काढणार आहे, माझी आणि मुलांची. ज्यांना डिझेलने यायचंय त्यांनी खुशाल यावं.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरात, शेजारी, गावात लोको शेडमधले जुने फायरमन, ड्रायव्हर, बॉयलर मेकर असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. कुर्डुवाडी, भुसावळ, दौंड, मिरज, कुठेही असोत. मी रेकॉर्डर घेऊन येते. आप्पांचं सगळं लिहून घ्यायचं राहिलं, त्यांच्या बरोबरीच्यांचं तरी घेऊ.